‘सेव्ह’ केलेली फाईल कोणाकोणाला वाचता येते?

युनिक्स व लिनक्सवरील फाईल-परवान्यांची ओळख

टेक्स्ट एडिटरमध्ये मजकूर लिहून झाला, की तो ‘सेव्ह’ करताना संगणक दोनच गोष्टी विचारतो. फाईलचे नाव काय आणि ती कोठे ठेवायची? ही फाईल मालकाखेरीज आणखी कोणी वाचावी काय, तीत बदल करण्याची मुभा कोणाला असावी, हा तिसरा प्रश्न विचारलाच जात नाही. मात्र त्याचे उत्तर त्याच क्षणी ठरते आणि फाईलसोबत कायमचे नोंदवले जाते.

घरच्या एकट्याच्या संगणकावर या उत्तराने फारसे काही बिघडत नाही. परंतु महाविद्यालयाची प्रयोगशाळा, कार्यालयातील सामाईक सर्व्हर किंवा अनेक संकेतस्थळांना एकत्र जागा देणारे यंत्र, अशा ठिकाणी एकाच संगणकावर अनेकांची खाती असतात. तेथे दोन परस्परविरोधी तक्रारी हमखास ऐकू येतात. ‘माझी फाईल दुसऱ्याने वाचलीच कशी?’ ही पहिली आणि ‘मी सेव्ह केलेली फाईल सहकाऱ्याला उघडते, पण तिच्यात बदल का करता येत नाही?’ ही दुसरी. दोन्ही तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा एकाच छोट्याशा आकड्यात असते. त्याचे नाव ‘यूमास्क’. (या लेखातील आज्ञा व फाईलींची नावे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत, संगणकावर ती रोमन लिपीत लिहावी लागतात.)

मालक, गट आणि इतर

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन, डेनिस रिची व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ पासून युनिक्स ही कार्यप्रणाली घडवली. एका यंत्रावर अनेकांनी काम करावे, हे तेव्हाचे वास्तव होते. त्यामुळे प्रत्येक फाईलवर मालकाचे नाव आणि परवान्यांची नोंद ठेवणे ओघानेच आले. आज लिनक्स आणि मॅकओएस या प्रणाली याच पद्धतीचा वारसा चालवतात.

या पद्धतीत जगाचे तीन भाग पडतात : फाईलचा मालक, फाईलशी जोडलेला गट आणि उरलेले सर्व इतर. प्रत्येकासाठी तीन परवाने असतात. वाचनाचा परवाना म्हणजे ४, लेखनाचा २ आणि फाईल प्रोग्रॅम म्हणून चालवण्याचा १. यांची बेरीज करून प्रत्येक भागासाठी एक अंक मिळतो व असे तीन अंक शेजारी ठेवले, की फाईलचा परवाना तयार होतो. ६४४ याचा अर्थ मालकाला वाचन व लेखन (४ + २), गटाला केवळ वाचन आणि इतरांनाही केवळ वाचन. ६०० म्हणजे मालकाखेरीज सर्वांना मज्जाव. ६६४ म्हणजे गटालाही लेखनाची मुभा. ‘एलएस -एल’ ही आज्ञा दिल्यास प्रत्येक फाईलचा परवाना अक्षरांच्या रूपात पडद्यावर दिसतो.

फोल्डरच्या बाबतीत याच परवान्यांचा अर्थ थोडा बदलतो. वाचन म्हणजे आतील नावांची यादी पाहणे, लेखन म्हणजे आत नवी फाईल निर्माण करणे किंवा असलेली काढून टाकणे आणि शेवटचा परवाना म्हणजे फोल्डरमधून आत जाणे. त्यामुळे एखादी फाईल काढून टाकता येईल की नाही, हे त्या फाईलच्या नव्हे, तर ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्याच्या परवान्यावर सहसा अवलंबून असते. ही बाब पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

आकडा ठरतो कसा?

एडिटर जेव्हा नवी फाईल निर्माण करतो, तेव्हा तो कार्यप्रणालीकडे सहसा ६६६ या परवान्याची मागणी करतो. म्हणजे सर्वांना वाचन, सर्वांना लेखन. ही मागणी जशीच्या तशी मान्य होत नाही. कार्यप्रणाली तिच्यावर यूमास्कची चाळणी लावते. यूमास्कमध्ये ज्या परवान्यांची नोंद असेल, ते मागणीतून वगळले जातात आणि उरेल तो परवाना फाईलला मिळतो. म्हणजेच यूमास्क परवाने देत नाही, काढून घेतो.

यूमास्क ०२२ असेल तर गट व इतर यांचे लेखन (२) वगळले जाते आणि फाईल ६४४ होते. ००२ असेल तर केवळ इतरांचे लेखन जाते व ६६४ उरते. ०२७ असेल तर गटाला वाचन राहते, इतरांना काहीच उरत नाही. फाईल ६४० होते. ०७७ असेल तर फाईल ६००, म्हणजे पूर्णतः खासगी. फोल्डरसाठी मूळ मागणी ७७७ असल्याने याच चार यूमास्कांना अनुक्रमे ७५५, ७७५, ७५० आणि ७०० असे फोल्डर मिळतात.

ही क्रिया वजाबाकी आहे, असा समज रूढ आहे व तो चुकीचा आहे. यूमास्क ०३३ घेतल्यास वजाबाकीने ६३३ हे उत्तर येईल. प्रत्यक्षात ६४४ मिळते. ३ म्हणजे लेखन (२) आणि चालवणे (१). यातील लेखन वगळले जाते, चालवण्याचा परवाना तर मुळात मागितलेलाच नव्हता, मग वगळणार काय?

एडिटर चालवण्याचा परवाना मागत नाही, हेही योग्यच आहे. पत्र, नोंदी, हिशेब यांना प्रोग्रॅम म्हणून चालवायचे नसते. म्हणूनच एडिटरमध्ये लिहिलेली नवी स्क्रिप्ट थेट चालत नाही. मालकाने ‘सीएचमॉड’ या आज्ञेने तिला तसा परवाना स्वतंत्रपणे द्यावा लागतो. यूमास्क कितीही सैल केला, तरी हा परवाना आपोआप मिळत नाही.

यूमास्क युनिक्समध्ये प्रारंभापासून नव्हता. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत तो आला आणि प्रत्येक एडिटरची घडण न बदलता नव्या फाईलींचे धोरण एका जागी ठरवणे शक्य झाले.

धोरण कोठे ठरते?

यूमास्क ही फाईलची किंवा फोल्डरची नव्हे, तर चालू प्रोग्रॅमची मालमत्ता आहे. प्रत्येक प्रोग्रॅम तो आपल्या जनक प्रोग्रॅमकडून वारशाने घेतो. वापरकर्ता लॉगिन करतो तेव्हा प्रणाली एक मूल्य ठरवते, त्याच्या शेलला ते मिळते आणि शेलमधून उघडलेल्या एडिटरला शेलकडून.

अनेक लिनक्स प्रणालींवर सर्वांसाठीचे मूल्य ‘/ईटीसी/लॉगिन.डेफ्स’ या फाईलीत नोंदलेले असते. व्यक्तिगत बदल करायचा तर आपल्या घर-फोल्डरातील ‘.प्रोफाइल’ अथवा ‘.बॅशआरसी’ या फाईलीत ‘यूमास्क ०२७’ अशी एक ओळ लिहितात. नुसती ‘यूमास्क’ ही आज्ञा दिली, की चालू मूल्य दिसते.

येथे अनेकांची फसगत होते. ‘.बॅशआरसी’मध्ये लिहिलेली ओळ केवळ शेल वाचतो. डेस्कटॉपवरील चित्रावर टिचकी मारून उघडलेला एडिटर त्या शेलमधून जन्मलेलाच नसतो. त्याला डेस्कटॉपच्या सत्राचा यूमास्क मिळतो. काही एडिटर तर पार्श्वभूमीवर आधीपासून चालू असलेल्या आपल्याच प्रतीकडे नवी फाईल सोपवतात. ईमॅक्स ‘डीमन’ म्हणून चालवला, तर लागू होतो तो डीमन सुरू झाला त्या वेळचा यूमास्क. टर्मिनलमध्ये नंतर काहीही बदलले तरी त्याला त्याची वार्ता नसते. त्यामुळे ‘यूमास्क ०७७ केला, तरी फाईल ६४४च होते’ या तक्रारीत एडिटरचा दोष क्वचितच असतो. लिनक्सच्या २०१६ मधील ४.७ या आवृत्तीपासून ‘/प्रॉक’ या फोल्डरातील प्रत्येक प्रोग्रॅमच्या ‘स्टेटस’ फाईलीत त्याचा यूमास्क पाहता येतो. त्याहून सोपा उपाय म्हणजे त्याच एडिटरमधून एक नवी फाईल सेव्ह करून ‘एलएस -एल’ने तिचा परवाना पाहणे.

नव्या फाईलचा आकडा सैल असला, तरी वरच्या फोल्डरचे दार बंद असेल तर इतरांना आत पोहोचता येत नाही. उबुंटूने २०२१ मधील २१.०४ या आवृत्तीपासून नव्या वापरकर्त्यांची घर-फोल्डरे ७५० या परवान्याने निर्माण करण्यास सुरुवात केली. तोपर्यंत ती ७५५ असत, म्हणजे यंत्रावरील कोणालाही आत डोकावता येई. जुन्या आवृत्तीपासून चालत आलेल्या खात्यांनी आपल्या घराचे दार एकदा तपासून घेणे हिताचे आहे.

जुनी फाईल पुन्हा सेव्ह करताना

आतापर्यंतचे विवेचन नव्या फाईलीविषयी झाले. आधीपासून असलेली फाईल उघडून, दुरुस्त करून सेव्ह केली तर? तत्त्वतः यूमास्कचा येथे संबंध नाही. जुना परवाना जसाच्या तसा राहिला पाहिजे. तो राहतो की नाही, हे एडिटर सेव्ह कसे करतो यावर ठरते. याच्या दोन रीती आहेत.

पहिल्या रीतीत एडिटर तीच फाईल रिकामी करून तीत नवा मजकूर लिहितो. फाईल तीच असल्याने मालक, गट, परवाना यांपैकी काहीही बदलत नाही. मात्र लिहिता लिहिता वीज गेली, तर जुना मजकूर गेलेला आणि नवा अर्धवट, अशी अवस्था होऊ शकते.

दुसऱ्या रीतीत हा धोका टाळला जातो. एडिटर नवा मजकूर वेगळ्या फाईलीत लिहितो व मग तिला जुन्या फाईलीचे नाव देतो, अथवा जुन्या फाईलीचे नाव बदलून बाजूला ठेवतो आणि मूळ नावाने नवी फाईल निर्माण करतो. नाव तेच, पण फाईल नवी. तिचा मालक म्हणजे ज्याने सेव्ह केले तो. जुना परवाना तिच्यावर उतरवण्याचे काम एडिटरला आठवणीने करावे लागते. त्यात उणीव राहिली, तर सहकाऱ्याची फाईल दुरुस्त करताच ती आपल्या मालकीची होते किंवा गटाची लेखनाची मुभा नाहीशी होते. एकाच फाईलीला दोन नावे देणारी ‘हार्ड लिंक’ही या रीतीत तुटते.

१९९१ मध्ये ब्रॅम मूलेनार यांनी प्रसिद्ध केलेल्या व्हिम या एडिटरमध्ये ‘बॅकअपकॉपी’ नावाचा पर्याय आहे. त्याचे मूल्य ‘यस’ ठेवल्यास मूळ फाईलीवरच लेखन होते, ‘नो’ ठेवल्यास नवी फाईल निर्माण होते आणि ‘ऑटो’ ठेवल्यास व्हिम परिस्थिती पाहून निवड करतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ मध्ये सार्वजनिक केलेला ग्नू ईमॅक्स सत्रातील पहिल्या सेव्हच्या वेळी जुन्या फाईलीला शेवटी ‘~’ हे चिन्ह लावून बाजूला ठेवतो आणि नव्या फाईलीला जुना परवाना देतो. ‘बॅकअप-बाय-कॉपीइंग’ हा पर्याय चालू केल्यास मूळ फाईल जागेवर राहते व प्रत वेगळी निघते. सामाईक फाईलींवर काम करणाऱ्यांनी हे दोन पर्याय माहीत करून घ्यावेत.

केवळ वाचनाचा परवाना असलेली दुसऱ्याची फाईलही काही वेळा कशी बदलली जाते, याचा उलगडाही येथेच होतो. फोल्डरमध्ये लेखनाची मुभा असेल, तर जुनी फाईल दूर करून त्याच नावाची नवी ठेवता येते. फाईलला कुलूप आहे, पण कपाट उघडे आहे, असा हा प्रकार.

मागे राहणाऱ्या प्रती

एडिटर मुख्य फाईलीखेरीज आणखीही फाईली निर्माण करतो. व्हिम काम चालू असताना ‘.एसडब्ल्यूपी’ या शेवटाची तात्पुरती फाईल ठेवतो. ईमॅक्स ‘~’ची प्रत आणि ‘#’ या चिन्हांमधील स्वयं-सेव्ह फाईल ठेवतो. मजकूर जितका गोपनीय, तितक्याच या प्रतीही गोपनीय. पण त्यांच्याकडे लक्ष सहसा जात नाही. २०१७ मध्ये व्हिमच्या तात्पुरत्या फाईलीत आणि ईमॅक्सच्या बॅकअप प्रतीत यूमास्क दुर्लक्षिला जातो, या आशयाच्या दोन त्रुटी सुरक्षाविषयक त्रुटींच्या सार्वजनिक सूचीत नोंदवल्या गेल्या.

संकेतस्थळांच्या बाबतीत हा धोका अधिक गंभीर आहे. डेटाबेसचा पासवर्ड असलेली ‘कॉन्फिग.पीएचपी’ ही फाईल सर्व्हरवरच एडिटरमध्ये उघडून दुरुस्त केली, असे समजा. ब्राउझरने ती मागितल्यास सर्व्हर ती चालवतो, मजकूर दाखवत नाही. परंतु शेजारी मागे राहिलेल्या ‘कॉन्फिग.पीएचपी~’ या प्रतीचा शेवट ‘.पीएचपी’ नसल्याने अनेक सर्व्हर तिला साधा मजकूर मानतात आणि मागेल त्याला पासवर्डसह दाखवतात. म्हणून अशा प्रती सर्व्हरवरून काढून टाकाव्यात, तशा नावांची मागणी सर्व्हरच्या मांडणीतच नाकारावी आणि एडिटरला त्याच्या प्रती वेगळ्या, खासगी फोल्डरमध्ये ठेवण्यास सांगावे.

गोपनीय फाईल लिहिताना क्रमही महत्त्वाचा असतो. बहुतेक जण आधी मजकूर लिहून सेव्ह करतात आणि मग ‘सीएचमॉड ६००’ देतात. या दोन कृतींच्या दरम्यान फाईल ६४४ असते. तेवढ्यात कोणी ती उघडली असेल, तर परवाना बदलल्यानंतरही त्याचे वाचन चालूच राहते. शिवाय दरम्यान निघालेली ‘~’ची प्रत जुन्याच सैल परवान्यासह तेथे राहू शकते. योग्य रीत उलटी आहे. प्रथम रिकामी फाईल निर्माण करावी, तिला ६०० परवाना द्यावा आणि मगच एडिटरमध्ये उघडून मजकूर लिहावा; किंवा टर्मिनलमध्ये ‘यूमास्क ०७७’ करून तेथूनच एडिटर सुरू करावा. ऐवज ठेवण्याआधी कुलूप आणावे, इतकाच याचा अर्थ. ओपनएसएसएच हा प्रोग्रॅम तर खासगी किल्लीची फाईल इतरांना वाचता येत असेल, तर ती वापरण्यासच नकार देतो.

सामाईक काम

आता दुसरी तक्रार. एखाद्या प्रकल्पावर पाच जण काम करीत असतील, तर प्रत्येकाने सेव्ह केलेली फाईल इतर चौघांना दुरुस्त करता आली पाहिजे. त्यासाठी दोन गोष्टी जुळाव्या लागतात. नव्या फाईलीचा गट प्रकल्पाचा असावा आणि गटाला लेखनाची मुभा असावी.

पहिल्या गोष्टीसाठी प्रकल्पाच्या फोल्डरला ‘सेटजीआयडी’ ही खूण लावतात. ‘सीएचमॉड २७७०’ दिल्यास आत निर्माण होणारी प्रत्येक फाईल फोल्डरचाच गट घेते आणि गटाबाहेरच्यांना दारातूनच मज्जाव होतो. दुसऱ्या गोष्टीसाठी पाचही जणांचा यूमास्क ००२ असावा लागतो. हा यूमास्क प्रकल्पाबाहेर धोक्याचा ठरू नये, म्हणून रेड हॅटने प्रत्येक वापरकर्त्याला त्याच्या नावाचा स्वतंत्र खासगी गट देण्याची पद्धत अवलंबली. त्या गटात तो एकटाच असल्याने घरातील ६६४ फाईलीवर दुसरा कोणी लिहू शकत नाही. डेबियनमध्येही खासगी गटाची पद्धत आहे.

पाचांपैकी एकाने जरी यूमास्क ०२२ ठेवला, तरी त्याच्या नव्या फाईली इतरांना बंद होतात. सर्वांच्या शिस्तीवर विसंबायचे नसेल, तर फोल्डरला ‘डीफॉल्ट एसीएल’ द्यावी. ‘सेटएफएसीएल’ या आज्ञेने फोल्डरवर नव्या फाईलींसाठीचे परवाने लिहून ठेवता येतात आणि अशा फोल्डरमध्ये यूमास्क लागूच होत नाही. विंडोजच्या एनटीएफएस रचनेत मुळात हीच कल्पना आहे. तेथे नवी फाईल आपले परवाने सहसा फोल्डरकडून घेते. फॅट रचनेच्या पेनड्राइव्हवर मात्र परवाने नोंदवण्याची सोयच नसल्याने त्यावरील फाईलींना ‘सीएचमॉड’ करून काही साध्य होत नाही.

प्रशासकाच्या अधिकाराने एडिटर चालवणाऱ्यांनीही सावध राहावे. ‘सुडो’ने उघडलेल्या एडिटरमधून निर्माण झालेली फाईल ‘रूट’च्या मालकीची होते आणि ती आपल्याच घर-फोल्डरात असली, तरी नंतर सेव्ह होत नाही. त्याऐवजी ‘सुडोएडिट’ वापरावे. तो फाईलीची तात्पुरती प्रत काढून वापरकर्त्याच्याच अधिकाराने एडिटर उघडतो आणि काम संपल्यावर मजकूर मूळ फाईलीत परत लिहितो.

फाईल उघडत नसली, की ‘सीएचमॉड ७७७’ द्या, असा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने अडचण दूर होते, हे खरे. परंतु यंत्रावरील प्रत्येक खात्याला व प्रत्येक प्रोग्रॅमला ती फाईल बदलण्याची मुभा मिळते. वेब सर्व्हरवर अशी फाईल म्हणजे घुसखोराला दिलेले आमंत्रणच.

थोडक्यात

- एकट्याचे खासगी काम : यूमास्क ०७७, फाईल ६००, फोल्डर ७००.
- गटाने वाचावे, इतरांनी नाही : यूमास्क ०२७; फाईल ६४०, फोल्डर ७५०.
- सर्वांनी वाचावे, मालकानेच लिहावे : यूमास्क ०२२, फाईल ६४४, फोल्डर ७५५.
- गटाने मिळून लिहावे : यूमास्क ००२ व ‘सेटजीआयडी’ फोल्डर, किंवा डीफॉल्ट एसीएल.
- गोपनीय मजकूर : आधी परवाना, मग लेखन, नंतर मागे राहिलेल्या प्रतींचा शोध.
- एडिटर बदलला किंवा तो उघडण्याची रीत बदलली, की एक फाईल सेव्ह करून परवाना तपासावा.